गंध हरपतो तेव्हां

मनुष्याचे डोळे गेले तर आपण त्यास आंधळा म्हणतों. कान गेले तर बहिरा, वाचा गेली तर मुका. परंतु ज्याच्या नाकास कसलाही वास येईनासा झाला, त्यास काय म्हणावें? वासाच्या निरनिराळ्या छटा दाखविणाऱ्या शब्दांची आमच्या मराठींत मुळींच वाण नाहीं. मेतकुटाचा वास खमंग, जुन्या खोबऱ्याचा खवट, पावसाळ्यांत न वाळलेल्या कपड्यांचा कुबट, शिळ्या पिठाचा आंबूस, तळाशीं लागलेल्या भाताचा करपट. शिवाय सुवास, परिमळ, दर्प, दरवळ, घमघमाट हे आहेतच. शब्दांची इतकी संपत्ति असतां, ज्याला ती भोगतां येत नाहीं त्या मनुष्याकरितां मात्र बोलभाषेंत एकही नांव नाहीं. 'नकटा' म्हणजे नाकाचा आकार बिघडलेला. नाकाचें काम बिघडलेला नव्हे.

या उणिवेचें कारण आमच्या मतें उघड आहे. या व्यंगाची समाजानें व्यंगांत कधीं गणनाच केली नाहीं. ज्याला तें जडतें त्याला हातीं काठी घ्यावी लागत नाहीं. चारचौघांत तें दिसत नाहीं. आणि जें दिसत नाहीं त्याबद्दल सहानुभूतीही सहसा मिळत नाहीं. वैद्यकांत यास 'घ्राणनाश' असें म्हणतात. वास अजिबात न येणें हा त्याचा पूर्ण प्रकार, व मंद येणें हा अपुरा प्रकार होय.

सन २०२० च्या साथीनें या उपेक्षित इंद्रियाकडे सर्वांचें लक्ष एकदम वेधलें. ९ मार्च २०२० रोजीं महाराष्ट्रांतील पहिले कोविडचे रुग्ण पुण्यांत आढळले; आणि पुढें थोड्याच महिन्यांत, ताप नाहीं, खोकला नाहीं, पण वास मात्र एकाएकीं नाहींसा झाला, असें सांगणारे लोक जागोजागीं भेटूं लागले. त्या वर्षाच्या जून महिन्यांत भारत सरकारच्या आरोग्यखात्यानेंही वास व चव जाणें हें या रोगाच्या लक्षणांत समाविष्ट केलें. तेव्हां किती तरी घरांत माणसें हिंगाची डबी उघडून नाकाशीं धरूं लागलीं, व वास येतांच सुटकेचा निःश्वास टाकूं लागलीं. पुष्कळांचें घ्राण कांहीं आठवड्यांत परत आलें. कांहींचें मात्र अद्यापि पुरतें आलेलें नाहीं. अशा वेळीं हें इंद्रिय चालतें कसें, बिघडतें कशानें, व बिघडल्यास घरांतील मंडळींनीं काय करावें, याचा थोडा विचार आमच्या वाचकांस उपयोगी पडेल असें वाटतें.

नाकाच्या छताशीं

बाहेर दिसणारें नाक हा केवळ दरवाजा आहे. खरें घ्राणेंद्रिय आंत, अगदीं वरच्या बाजूस, साधारण दोन्ही डोळ्यांच्या मधोमध येईल इतक्या उंचीवर असतें. तेथें नाकाच्या छताशीं पातळ अंतस्त्वचेचा एक लहानसा पट्टा आहे. त्याचा विस्तार टपालाच्या तिकिटाएवढाच. या पट्ट्यांत लक्षावधि घ्राणपेशी दाटीनें वसलेल्या असतात. प्रत्येक पेशीचें एक टोंक सूक्ष्म केसांच्या रूपानें नाकांतील ओलाव्यांत बुडालेलें असतें. दुसरें टोंक अतिशय नाजूक तंतु होऊन, कवटीच्या तळाशीं असलेल्या चाळणीसारख्या सच्छिद्र हाडांतून वर चढतें आणि मेंदूच्या 'घ्राणकंद' नांवाच्या भागास जाऊन मिळतें. फुलांतून, फळांतून, फोडणींतून उडालेले कण श्वासाबरोबर त्या पट्ट्यापर्यंत पोंचले व तेथील ओलाव्यांत विरघळले, म्हणजे आपणांस वास येतो.

एवढ्याशा जागेंत इतके असंख्य वास ओळखले कसे जातात, हें कोडें फार दिवस सुटलें नव्हतें. सन १९९१ त लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं घ्राणपेशींवरील वास ग्रहण करणाऱ्या द्रव्यांचें जनुककुल शोधून काढलें, आणि या कामाबद्दल सन २००४ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. मनुष्याच्या नाकांत अशा ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. एक वास म्हणजे एक ग्राहक असा हिशेब नाहीं. एका वासानें कांहीं ठराविक ग्राहक जागे होतात, दुसऱ्यानें दुसरे. मुळाक्षरें थोडीं असलीं तरी त्यांच्या जुळणीनें जसे अगणित शब्द तयार होतात, तसाच हा प्रकार.

आणखी दोन गोष्टी येथें सांगितल्या पाहिजेत. पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या गोष्टीची वर्दी मेंदूंतील थॅलॅमस नांवाच्या नाक्यावर थांबून मग पुढें जाते. वासाची वर्दी त्या नाक्यावर न अडतां, भावना व स्मृति यांच्या केंद्रांकडे जवळच्या वाटेनें पोंचते. आजोळच्या माजघराचा किंवा जुन्या पोथीच्या बासनाचा वास चाळीस वर्षांनीं आला तरी मन एका क्षणांत तेथें जाऊन उभें राहतें, त्याचें बीज यांत असावें. दुसरी गोष्ट आशेची आहे. मेंदूंतील व डोळ्यांतील बहुतेक ज्ञानपेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उत्पन्न होत नाहींत. घ्राणपेशी मात्र जन्मभर झिजतात आणि जन्मभर नव्या होतात. गेलेला वास पुष्कळदां परत येतो तो याच गुणामुळें.

मनुष्याचें नाक इतर प्राण्यांच्या मानानें अगदींच निकामी, अशी एक समजूत रूढ आहे. ती एकोणिसाव्या शतकांत फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल ब्रोका यांच्या लिखाणापासून पसरली. घ्राणकंद मेंदूच्या मानानें लहान दिसतो, एवढाच तिला आधार होता. सन २०१७ त जॉन मॅकगॅन या संशोधकानें या समजुतीचा साधार फोलपणा दाखवून दिला. कित्येक वासांच्या बाबतींत मनुष्याचें नाक पुष्कळ जनावरांच्या तोडीस तोड असतें. तेव्हां जें हरवतें तें कांहीं उरलेंसुरलें, निरुपयोगी असें इंद्रिय नव्हे, हें आधीं मनावर ठसलें पाहिजे.

चव जिभेची कीं नाकाची?

घ्राण गेलेला मनुष्य बहुधा पहिली तक्रार करतो ती वासाची नव्हे, चवीची. "जेवण मातीसारखें लागतें," असें तो म्हणतो. आपल्या परंपरेनें मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त व कषाय असे सहा रस मानिले. आधुनिक शारीरशास्त्र जिभेच्या वांट्यास पांच रुचि देतें: गोड, आंबट, खारट, कडू, आणि सन १९०८ त जपानच्या किकुनाए इकेदा यांनीं 'उमामी' असें नांव दिलेली पांचवी. तिखटपणा त्यांत नाहीं. तो एक प्रकारचा दाह आहे आणि त्याची वर्दी चेहऱ्यावरील स्पर्श व वेदना जाणणाऱ्या निराळ्याच मज्जातंतूवाटे जाते. बाकी आपण ज्याला 'चव' म्हणतों तिचा फार मोठा भाग वासाचाच असतो. घांस चावतांना त्याचा गंध घशाच्या मागच्या बाजूनें वर नाकांत चढतो, आणि मेंदू तो जिभेच्या नांवावर जमा करतो.

याचा पडताळा कोणासही घरीं घेतां येईल. नाक चिमटींत घट्ट धरून केशर-वेलची घातलेल्या श्रीखंडाचा एक चमचा तोंडांत घ्यावा. आंबटगोड असा कांहीं मऊ पदार्थ आहे, याहून अधिक कळणार नाहीं. मग चिमटी सोडावी. त्याच क्षणीं केशर व वेलची 'जिभेवर' प्रकट होतील. घ्राणनाश झालेल्या मनुष्याची चिमटी कधींच सुटत नाहीं. त्याच्या पानांत पुरणपोळी ही गोड, आमटी ही आंबट-खारट, आणि हापूस व पायरी यांत फरक असला तर तो गोडीचा व रेशांचा.

येथें एक गैरसमज दूर करणें जरूर आहे. मिरचीची फोडणी पडतांच असा मनुष्यही सर्वांबरोबर ठसकतो. अमोनियाच्या वाफेनें त्याच्याही डोळ्यांत पाणी येतें. पुदिन्याच्या अर्काचा थंडावा त्यालाही जाणवतो. तें पाहून घरचे म्हणतात, "मिरची बरी कळली! वास येत नाहीं म्हणें!" परंतु नाकाला मिरच्या झोंबणें ही नुसती म्हण नसून शरीरशास्त्रदृष्ट्या अक्षरशः खरी गोष्ट आहे. झोंबणें हें घ्राणाचें काम नाहीं. तें त्या दुसऱ्या मज्जातंतूचें काम, व तो शाबूत असतो. तेव्हां ठसक्यावरून कोणासही ढोंगी ठरवूं नये.

कारणें अनेक

घ्राणनाश हा एकच रोग नव्हे. अनेक विकारांचा तो शेवट आहे. कारणांचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात: गंधाची वाट बंद होणें, आणि वाट मोकळी असूनही घ्राणपेशी, त्यांचे तंतु किंवा मेंदू यांस इजा होणें.

पहिल्या वर्गांत साध्या पडशापासून सर्व कांहीं येतें. वारंवार शिंका आणणारी, धुळीची किंवा परागांची बाधा, चेहऱ्याच्या हाडांतील पोकळ्यांचा जुनाट दाह, आणि नाकांत वाढणारे मांसाचे मऊ कोंब, हीं त्यांतील प्रमुख कारणें. आमच्या प्राचीन वैद्यांस हे विकार चांगले ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नाकाचे एकतीस रोग सांगितले असून, त्यांत नाकांतील कोंबांस 'नासार्श' म्हटलें आहे. 'अपीनस' या रोगांत नाक बंद होऊन मनुष्यास गंध व रस दोन्ही कळेनासे होतात, असेंही तेथें स्पष्ट वर्णन आहे. गंध गेला कीं रसही जातो, हें निरीक्षण लक्षांत घेण्याजोगें आहे. या वर्गांतील विकारांत वास बहुधा कधीं येतो, कधीं जातो. आणि उपचारांस यश येण्याचा संभवही येथें सर्वांत अधिक.

दुसऱ्या वर्गांत विषाणूंचा क्रमांक पहिला लागतो. कोविडच्या पुष्कळ आधींपासून, इन्फ्लुएंझा व साधी सर्दी निर्माण करणारे विषाणु माणसांचें घ्राण नेत आलेले आहेत. नाक मोकळें झालें, पण वास परतला नाहीं, असें सांगणारे रोगी कान-नाक-घशाच्या वैद्यांस नवे नव्हते. कोविडच्या बाबतींत संशोधनानें असें दिसून आलें कीं, विषाणूचा मुख्य हल्ला प्रत्यक्ष घ्राणपेशींवर नसून, त्यांस आधार देणाऱ्या व त्यांचें पोषण करणाऱ्या शेजारच्या पेशींवर होतो. आधार कोसळला म्हणजे घ्राणपेशींचें कामही थांबतें. आधारपेशी लवकर भरून आल्या तर वास थोड्या आठवड्यांत परततो. हानि खोल गेली असल्यास महिने, क्वचित् वर्षेंही लागतात.

तिसरें कारण डोक्यास लागलेला मार. घ्राणतंतु चाळणीसारख्या हाडाच्या छिद्रांतून वर जातात, हें वर सांगितलेंच आहे. डोक्यास, विशेषतः मागच्या बाजूस, जोराचा आघात झाला म्हणजे कवटीच्या आंत मेंदू हिसका खातो, व हे तंतु सुरीनें कापावे तसे त्या हाडापाशीं तुटतात. बाहेरची जखम कित्येकदां क्षुल्लक असते. मनुष्य आठ दिवसांत हिंडूंफिरूं लागतो, आणि घरीं पहिलें नीट जेवण जेवतांना त्याला कळतें कीं आपलें कांहीं तरी कायमचें हरवलें आहे. पुण्यासारख्या दुचाक्यांनीं गजबजलेल्या शहरांत शिरस्त्राणाविषयीं विनोद करण्याची चाल आहे. कवटी वांचते तेवढाच शिरस्त्राणाचा लाभ नव्हे, त्यामुळें असे तंतुही वांचूं शकतात, एवढें त्या विनोदी मंडळींनीं ध्यानांत ठेवावें.

चवथें कारण मनुष्य स्वतःच्या हातानें ओढवून घेतो. तंबाखूच्या धुरानें घ्राण मंदावतें, आणि कॅडमियमसारख्या धातूंच्या वाफांत वर्षानुवर्षें काम करणाऱ्यांसही हा धोका असतो. औषध म्हणून नाकांत घातलेल्या द्रव्यांचा इतिहास तर अधिक बोधप्रद आहे. सन १९३७ त कॅनडांतील टोरोंटो शहरीं पोलिओची भयंकर सांथ आली. पोलिओचा विषाणु नाकावाटे मेंदूंत शिरतो, अशी त्या वेळची कल्पना. म्हणून हजारों मुलांच्या नाकांत जस्ताच्या क्षाराचा फवारा मारण्यांत आला. पोलिओ त्यानें टळला नाहींच. उलट कित्येक मुलांचा वास मात्र गेला, आणि कांहींचा परत आला नाहीं. एवढा अनुभव गांठीं असतांही जस्तयुक्त नाकाचीं औषधें सर्दीवर रामबाण म्हणून पुढें पुन्हां बाजारांत आलीं. सन २००९ त अमेरिकेच्या औषधनियामक खात्यास अशा औषधांविरुद्ध लोकांस इशारा द्यावा लागला. नाक चोंदलें कीं जाहिरात पाहून थेंब घालणाऱ्यांनीं यावरून धडा घ्यावा. नाक चटकन मोकळें करणारे नेहमींचे थेंबसुद्धां आठवड्याहून अधिक दिवस चालू ठेवल्यास आंतील सूज उलट वाढते.

जुनाट पीनसाचा एक प्रकार असा आहे कीं, नाकाची अंतस्त्वचा सुकत व झिजत जाते, आंत खपल्या धरतात आणि त्यांस दुर्गंधि सुटते. दैवाचा खेळ असा कीं तो दुर्गंध शेजारच्या सर्वांस येतो, आणि ज्याच्या नाकांतून येतो त्याला मात्र येत नाहीं, कारण त्याचे घ्राणतंतु आधींच निकामी झालेले असतात. लोक आपल्यापासून दूर कां सरतात हें त्या बिचाऱ्यास, विशेषतः अशा तरुण मुलीस, उमगत नाहीं. अशा वेळीं कुजबुजण्यापेक्षां जवळच्या नातलगानें एकांतांत, मायेनें सांगून तिला वैद्याकडे नेणें हेंच खरें आप्तकर्तव्य होय.

क्वचित् कोणी जन्मतःच गंधहीन असतो. त्याला आपलें व्यंग पुष्कळ वर्षें कळतच नाहीं, इतर मुलें "काय छान वास!" म्हणतात तेव्हां तोही मान हालवितो. यांतील एका प्रकारास, सन १९४४ त त्याचें वर्णन करणाऱ्या फ्रान्झ काल्मान या वैद्यावरून 'काल्मान विकार' म्हणतात. गर्भावस्थेंत घ्राणतंतु व तारुण्य आणणाऱ्या ग्रंथिरसांच्या कांहीं पेशी एकाच वाटेनें मेंदूकडे जातात; ती वाट चुकली म्हणजे घ्राण येत नाहीं व तारुण्यही वेळेवर येत नाहीं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींत यौवनाचीं चिन्हें दिसत नसतील आणि वासही कधीं आलेला नसेल, तर आईबापांनीं संकोच सोडून वैद्याचा सल्ला घ्यावा. तारुण्याचा भाग उपचारांनीं साध्य होतो.

शेवटीं वार्धक्य. दृष्टि व श्रवण यांप्रमाणें घ्राणही वयाबरोबर मंदावतें. ऐंशीं वर्षांपुढील माणसांत निम्म्याहून अधिकांचें घ्राण कमी झालेलें असतें. आणि तें हळूहळू जात असल्यामुळें बहुतेकांस त्याचा पत्ताही नसतो. "हल्लींच्या भाज्यांना पूर्वींची चव नाहीं," हें वृद्धांचें गाऱ्हाणें आपण थट्टेवारी नेतों. त्यांत भाजीचा दोष कांहीं असेल, पण नाकाचाही असूं शकतो. याखेरीज कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा विकार, व स्मृतिभ्रंशाचा अल्झायमर हा विकार, यांत घ्राण मंद होतें. कंपवातांत तर हात कांपूं लागण्याच्या कित्येक वर्षें आधींही. मात्र यावरून वास न येणाऱ्या प्रत्येकानें भिऊन जाण्याचें कारण नाहीं. अशांपैकीं बहुतेकांस कंपवात होत नाहीं. वैद्यास सांगण्याजोगी ही गोष्ट आहे, एवढेंच.

उलटे वास

घ्राण परत येऊं लागलें म्हणजे तें नेहमीं सरळ वाटेनें येतेंच असें नाहीं. नवे तंतु वाढतांना जुळणी चुकते, व ओळखीचा वास विपरीत होऊन येतो. कोविडनंतर पुष्कळांस हा अनुभव आला. ताजी कॉफी, परतलेला कांदा, लसूण, तळण हे त्यांना जळक्या रबरासारखे किंवा सडक्या पदार्थासारखे भासूं लागले. ज्या घरांत रोज कांदा परतला जातो तेथें अशा माणसाचे किती हाल होत असतील! भूक आहे, अन्न समोर आहे, आणि घांस तोंडाजवळ नेतांच मळमळ सुटते. ही खोड नव्हे, नखरा नव्हे. पुष्कळदां तंतु पुन्हां जुळूं लागल्याचें तें चिन्ह असतें. तोंवर अशा माणसास दहीभात, फळें, थंड केलेलें अन्न असे कमी वास सुटणारे पदार्थ द्यावे, व त्याच्या खोलीकडे फोडणीचा धूर जाऊं देऊं नये. कांहींस तर आसपास कांहींही नसतां धुराचा किंवा कुजल्याचा वास येत राहतो. हा प्रकार वारंवार होऊं लागल्यास मात्र वैद्यास दाखवावें.

संसारांतील हानि

गंध हरपल्यानें एवढें काय बिघडतें, असें विचारणाऱ्यांनीं एखाद्या गृहिणीचा दिवस डोळ्यांपुढें आणावा. लोणी कढवून तूप झालें हें ती वासावरून ओळखते. रवा भाजल्याचें, दूध नासल्याचें, डाळ विटल्याचें, तेल खवट झाल्याचें तिला नाकच सांगतें. तें गप्प झालें कीं तिला रंगावर, आवाजावर व घड्याळावर भिस्त ठेवावी लागते. हाताला चव असल्याची जिची कीर्ति, तीच मीठ-गूळ अदमासानें घालूं लागते, आणि पंक्तींत "आज काय झालें?" हा प्रश्न ऐकते. स्वतःच्या अंगास घाम येतो कीं काय या शंकेनें कांहीं माणसें दिवसांतून तीन तीनदां स्नान करतात. तान्ह्या लेकराच्या टाळूचा वास न येणाऱ्या आईचें दुःख तर कोणास सांगून कळावें असें नाहीं. कोणी जेवणांतून मन काढून घेतो व वाळत जातो. कोणी चव आणण्यासाठीं मीठ व साखर वाढवितो आणि रक्तदाब, मधुमेह यांस आमंत्रण देतो. अशा रोग्यांत औदासीन्य बरेंच आढळतें, याचें म्हणूनच नवल वाटत नाहीं.

इंग्रज कवि वर्ड्‌स्वर्थ यास घ्राणशक्ति नव्हती, अशी नोंद त्याच्या पुतण्यानें सन १८५१ त प्रसिद्ध केलेल्या चरित्रांत आहे. फुलांवर, रानावनांवर जन्मभर लिहिणाऱ्या त्या पुरुषास फुलांच्या सुगंधाची वार्ता इतरांच्या तोंडूनच कळत असे. एका इंद्रियाची उणीव दुसऱ्यांनीं भरून काढतां येते, याचें हें उदाहरण. पण प्रत्येकाच्या ठायीं ती प्रतिभा असते असें नाहीं.

आणि यापुढची गोष्ट जिवाची आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळ जवळ नसतो. तो सुटल्याचें कळावें म्हणून त्यांत 'मरकॅप्टन' जातीचें अत्यंत उग्र वासाचें द्रव्य मुद्दाम मिसळतात. ही रीत सक्तीची होण्यामागें एक भयंकर दुर्घटना आहे. १८ मार्च १९३७ रोजीं अमेरिकेंतील टेक्सास प्रांतीं न्यू लंडन येथील शाळेंत गंधहीन गॅस सांठून स्फोट झाला, आणि जवळ जवळ तीनशें जीव, बहुतेक मुलें, प्राणास मुकले. त्यानंतर गॅसला वास देण्याचा कायदा झाला. आज आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराची राखण तो वास करतो. परंतु ज्याच्या नाकास तो येतच नाहीं, त्याच्यापुरती ती राखण नाहींशी झाली. मुलें परगांवीं किंवा परदेशीं, आणि सत्तरी ओलांडलेले आईबाप घरीं एकटे, अशीं कुटुंबें आज आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत. त्या आईबापांस गॅसचा वास येतो कीं नाहीं, हा प्रश्न किती मुलांनीं विचारला असेल?

उपाय व सावधगिरी

वास एकाएकीं गेला, किंवा सर्दी बरी होऊनही दोन-तीन आठवड्यांत परतला नाहीं, तर कान-नाक-घशाच्या वैद्यास दाखवावें. तो दुर्बिणीनें नाकाची तपासणी करील. जरूर पडल्यास डोक्याचें चित्रण करवील. वासाची मोजदाद करण्याच्याही पद्धति आहेत. फिलाडेल्फियाचे रिचर्ड डॉटी यांनीं सन १९८४ त प्रसिद्ध केलेल्या कसोटींत कागदावर खरवडून हुंगण्याचे ४० वास असतात. एकाच नाकपुडीचा वास जाणें, नाकांतून रक्त येणें, सततची डोकेदुखी, दृष्टि अधू होणें, हीं लक्षणें बरोबर असल्यास मुळींच दिरंगाई करूं नये. क्वचित् मेंदूच्या तळाशीं वाढणारी गांठ त्यांच्या मुळाशीं असते.

कोंब व जुनाट दाह यांवर स्टेरॉइडचे फवारे, शस्त्रक्रिया व इतर औषधें यांचा चांगला उपयोग होतो; तीं वैद्याच्या देखरेखीखालींच घ्यावीं. मिठाच्या कोमट पाण्यानें नाक धुणें हितावह आहे, पण पाणी उकळून निववलेलेंच हवें. न उकळलेल्या पाण्यांतील एका सूक्ष्म जीवानें नाकावाटे मेंदूंत शिरून प्राण घेतल्याचीं उदाहरणें आहेत.

विषाणूमुळें गेलेल्या वासावर एक उपाय इतका साधा आहे कीं त्यावर विश्वास बसूं नये. सन २००९ त जर्मनींतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल व त्यांचे सहकारी यांनीं रोग्यांस गुलाब, निलगिरी, लिंबू व लवंग हे चार वास बारा आठवडे, रोज दोन वेळां हुंगावयास दिले. आणि ज्यांनीं हा क्रम पाळला त्यांचें घ्राण न पाळणाऱ्यांपेक्षां अधिक सुधारलें. पुढील संशोधनानेंही या अभ्यासास पुष्टि दिली. हे चारही वास आपल्याकडे सहज मिळतात. सकाळीं व रात्रीं प्रत्येक वास दहावीस सेकंद, हलके हलके, मन लावून हुंगावा. तो कसा होता हें आठवावें. मग थोडा विसांवा घेऊन पुढचा घ्यावा. पहिले कित्येक दिवस कांहींच कळणार नाहीं. तरीही तीन-चार महिने नेम मोडूं नये. संध्या व पारायण यांचे नेम ज्यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या चालले, त्यांना हा नेम जड वाटूं नये. मात्र हा उपाय सर्वांस लागूच पडतो असें नाहीं. मारानें तुटलेल्या तंतूंबाबत आशा बेताचीच ठेवावी.

घरांत कोणाचें घ्राण गेलें असेल तर पुढील व्यवस्था अवश्य करावी. गॅस सुटल्याची व धुराची सूचना देणारें यंत्र बसवावें. रात्रीं गॅसची कळ मुख्य ठिकाणींच बंद करावी. दूध, दही, उरलेलें अन्न यांच्या भांड्यांवर दिवस लिहून ठेवावा. आणि शंका आल्यास दुसऱ्याच्या नाकास विचारण्यांत कमीपणा मानूं नये. स्वयंपाकांत कुरकुरीत, मऊ, थंड, ऊन, आंबट, तिखट असा विविधपणा राखल्यास अशा माणसास जेवणांत पुन्हां थोडी गोडी वाटूं लागते.

सर्वांत मोठा उपाय मात्र औषधालयांत मिळत नाहीं. ज्या मनुष्याचें व्यंग दिसत नाहीं, त्याचें म्हणणें खरें मानणें हा तो उपाय होय. पहिल्या पावसाचा मृद्गंध सुटला, अंगणांत प्राजक्ताचा सडा पडला, देवघरांत कापूर लागला, असे क्षण घरांत येतात तेव्हां एक माणूस मुकाट्यानें बाजूस उभें असतें. त्यास हिणवूं नये. त्याला वास शब्दांनीं सांगावा. आणि पुढच्या खेपेस घरीं जाल तेव्हां आईला किंवा वडिलांना लवंगेची डबी उघडून द्या, आणि डोळे मिटून वास कशाचा तें ओळखावयास सांगा. उत्तर बरोबर आलें तर उत्तमच. न आलें, तर एका उपेक्षित दुःखाचा व कदाचित् एका मोठ्या धोक्याचा वेळींच पत्ता लागला, असें समजावें.